मद्ये व मद्यविषयक कायदे

मद्ये व मद्यविषयक कायदे : एथिल अल्कोहॉल (एथेनॉल) ज्यात आहे व जे पिण्यासाठी तयार करतात, अशा पेयास मद्य वा दारू म्हणतात. भारतात अन्नसुरक्षा व मानके यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार ज्या पेयातील एथेनॉलाचे घनफळात्मक प्रमाण ०·५ टक्क्यापेक्षा अधिक असते ते मद्यार्कयुक्त पेय ठरते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ताडी, बीअर, द्राक्षमद्य, फेणी, व्हिस्की व हातभट्टीची दारू या सर्वांतील मादक घटक एकच आहे. फरक असतो तो कच्चा माल, अल्कोहॉलाचे प्रमाण, स्वाद व अशुद्धी यांचा. कायद्याने केलेले मद्यांचे वर्गीकरण मात्र याहून निराळ्या तत्त्वांवर उभारलेले आहे. मद्य कशापासून, कोठे व कोणाच्या अनुज्ञप्तीखाली तयार झाले आणि त्यावर किती शुल्क आकारावयाचे, यांवरून कायदा त्याचा वर्ग ठरवितो. या वर्गावर मद्याची किंमत, त्याच्या विक्रीचे ठिकाण व उत्पादकाची उपजीविका अवलंबून असते. कोणत्या आर्थिक थरातील माणूस कोणते मद्य पितो आणि विषारी मद्याचा धोका कोणाला अधिक संभवतो, हेही काही अंशी त्यावरच ठरते. म्हणून मद्यप्रकार व मद्यविषयक कायदे यांचा विचार एकत्रितपणे करणे सोयीचे असते.

निर्मिती : शर्करायुक्त द्रवावर यीस्ट या सूक्ष्मजीवाची क्रिया होऊन शर्करेचे एथेनॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर होते. या क्रियेस किण्वन (आंबणे) म्हणतात [⟶ किण्वन]. फळांचा रस, ताडवृक्षांचा रस, मोहाची फुले, गूळ व मळी यांत किण्वनक्षम शर्करा आयतीच असते. धान्यातील स्टार्चाचे मात्र आधी शर्करेत रूपांतर करावे लागते. त्यासाठी धान्यास मोड आणून ते वाळवितात (माल्ट) किंवा एंझाइमांचा उपयोग करतात. मिश्रणातील अल्कोहॉलाचे प्रमाण सु. १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले म्हणजे बहुतेक यीस्टांची क्रिया मंदावते. म्हणून केवळ किण्वनाने होणारी मद्ये सौम्य असतात. याहून तीव्र मद्य हवे असल्यास किण्वित द्रवाचे ऊर्ध्वपातन करावे लागते. एथेनॉलाचा उकळबिंदू सु. ७८° से. असल्याने पाण्याआधी त्याची वाफ होते व ती निववून गोळा करता येते. हातभट्टीच्या परिभाषेत या वेळी प्रथम गळणाऱ्या तीव्र अंशास ‘पहिल्या धारेची’ दारू म्हणतात. आधुनिक आसवनीत स्तंभ वापरून सु. ९५ ते ९६ टक्के एथेनॉल असलेला मद्यार्क मिळवितात.

मद्यप्रकार : निर्मितिपद्धतीनुसार मद्यांचे दोन मुख्य वर्ग पडतात.

(१) किण्वित मद्ये : माल्ट केलेले जव पाण्यात शिजवून, कडवटपणासाठी त्यात हॉप या वेलीची फुले घालून व तो काढा आंबवून बीअर तयार करतात. भारतीय मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहॉल असलेली बीअर सौम्य व त्याहून अधिक, ८ टक्क्यांपर्यंतची, तीव्र समजली जाते. द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या मद्यास वाइन म्हणतात. तीत सामान्यतः ११ ते १४ टक्के अल्कोहॉल असते. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे १९८० नंतरच्या दशकात व पुढे नाशिक परिसरात हा उद्योग वाढला आणि २००१ मध्ये राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले. ताड, शिंदी व माड या वृक्षांना छेद देऊन मिळणारा गोड रस पहाटे ताजा असताना नीरा म्हणून पितात. तोच आंबला म्हणजे त्याची अनुक्रमे ताडी, शिंदी व माडी होते. नीरा व ताडी यांत काही तासांचेच अंतर असल्याने कायद्याच्या दृष्टीने ही सीमारेषा नेहमीच अडचणीची ठरली आहे.

(२) ऊर्ध्वपातित मद्ये : धान्याच्या किण्वित काढ्यापासून व्हिस्की, द्राक्षमद्यापासून ब्रँडी व उसाचा रस किंवा मळी यांपासून रम तयार करतात. ही मद्ये ओक लाकडाच्या पिंपांत मुरविली असता त्यांना रंग व स्वाद येतो. जिनमध्ये जुनिपरच्या फळांचा स्वाद असतो. व्होडका शक्य तितकी स्वादहीन ठेवतात. भारतीय परंपरेतील ऊर्ध्वपातित मद्यांत मोहाची दारू व गोव्याची फेणी ही महत्त्वाची होत. मोहाची दारू मध्य भारतातील आदिवासींच्या विवाह, सण व देवकार्ये यांच्याशी निगडित आहे.

भारतात कारखान्यात तयार होणाऱ्या मद्यांचा मोठा भाग साखर कारखान्यांतील मळीपासून मिळविलेल्या मद्यार्कावर आधारलेला आहे. मद्यार्क अत्यंत शुद्ध करून, त्यात पाणी, रंग, स्वादद्रव्ये व काही वेळा माल्ट मद्यार्क मिसळून ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ तयार करतात. तशाच मद्यार्कात संत्रा, मोसंबी यांसारखे स्वाद घालून ‘देशी मद्य’ तयार होते. म्हणजे महाराष्ट्रातील कायद्याच्या परिभाषेत ज्यास देशी म्हणतात ते गावात गाळलेले नसते, आणि ज्यास विदेशी म्हणतात ते परदेशातून आलेले नसते. यूरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्यापासूनच केलेली व किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरविलेली असावी लागते. त्यामुळे मळीपासून केलेली भारतीय व्हिस्की तेथे त्या नावाने विकता येत नाही.

तीव्रता व मोजमाप : मद्याची तीव्रता घनफळाच्या टक्केवारीत सांगतात. भारतात उत्पादन शुल्काच्या आकारणीत मात्र ‘लंडन प्रूफ’ हे जुने इंग्रजी माप अद्याप टिकून आहे. मद्याने भिजविलेली बंदुकीची दारू पेट घेते की नाही यावरून पूर्वी त्याची परीक्षा करीत. त्यावरून हे नाव पडले. १०० प्रूफ म्हणजे घनफळाने सु. ५७·१ टक्के अल्कोहॉल होय. भारतीय बनावटीचे विदेशी मद्य सामान्यतः ७५ प्रूफ, म्हणजे ४२·८ टक्के असते. त्यासच ‘२५ अंडर प्रूफ’ असे म्हणतात. अशा एक लिटर मद्यावर पाऊण प्रूफ लिटरचे शुल्क बसते. प्रत्यक्ष द्रवाच्या मापास ‘बल्क लिटर’ म्हणतात.

या मोजमापाने काही प्रचलित समजुती तपासून पाहता येतात. ४२·८ टक्क्यांच्या १८० मिलि. मद्यात सु. ७७ मिलि. शुद्ध अल्कोहॉल असते, तर ८ टक्क्यांच्या ६५० मिलि. तीव्र बीअरच्या बाटलीत ५२ मिलि. व ५ टक्क्यांच्या तेवढ्याच सौम्य बीअरमध्ये ३२·५ मिलि. असते. बीअर ही ‘दारू नव्हे’ हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

ऐतिहासिक आढावा : मद्याचे नियंत्रण करण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. मनुस्मृतीत सुरेचे गौडी (गुळाची), पैष्टी (पिठाची) व माध्वी (मोह वा मध यांची) असे तीन प्रकार सांगून द्विजांना त्या निषिद्ध मानल्या आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दृष्टिकोन निराळा आहे. तेथे मद्याचे उत्पादन व विक्री यांवर देखरेख करणारा सुराध्यक्ष हा अधिकारी असून मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा मद्यप्रकार दिलेले आहेत. एका ग्रंथात पापाची व दुसऱ्यात महसुलाची दृष्टी आहे, आणि पुढील काळातील प्रत्येक मद्यविषयक कायद्यात या दोन दृष्टींची ओढाताण दिसून येते.

ब्रिटिश अमदानीत महसुलाची दृष्टी प्रबळ झाली. मुंबई अबकारी अधिनियम, १८७८ अन्वये मद्याची निर्मिती व विक्री सरकारी परवान्याखाली आणण्यात आली. गावोगावच्या भट्ट्यांऐवजी मध्यवर्ती आसवन्यांवर भर देण्यात आला व ताडीच्या झाडांवर कर बसविण्यात आला. या कराचा फटका कोकण किनाऱ्यावरील ताडीमाडीचा धंदा करणाऱ्या भंडारी समाजाला बसला. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) या जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठवणीवर व वाहतुकीवर निर्बंध आले. मोहाची फुले हे केवळ दारूचे साहित्य नसून टंचाईच्या काळातील गोरगरिबांचे अन्नही होते. त्यामुळे अबकारीचा कायदा त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला.

मद्यविक्रीतून मिळणाऱ्या महसुलावर टीकाही लवकरच सुरू झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेस पत्र लिहून शहरात वाढलेल्या दारूच्या दुकानांकडे लक्ष वेधले. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधने झाली व लोकमान्य टिळकांनी त्या चळवळीस पाठिंबा दिला. पुढे महात्मा गांधींच्या कार्यक्रमात दारूबंदीस मध्यवर्ती स्थान मिळाले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे त्यात अबकारी खात्याचे मंत्री होते. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू करण्यात आली. परंतु त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने हा प्रयोग खंडित झाला.

सांविधानिक स्थान : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये, औषधी प्रयोजने वगळता, मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ८ व्या नोंदीनुसार मादक मद्यांचे उत्पादन, निर्मिती, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री हे विषय राज्यांकडे आहेत. ५१ व्या नोंदीनुसार मानवी सेवनासाठी असलेल्या मद्यावर उत्पादन शुल्क बसविण्याचा अधिकारही राज्यांचाच आहे. अशा रीतीने ज्या राज्यांनी दारूबंदीच्या दिशेने जावे अशी अपेक्षा आहे, त्यांच्याच तिजोरीशी मद्याचा महसूल जोडलेला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाही मानवी सेवनासाठीचे मद्य त्यातून वगळण्यात आले. त्यामुळे राज्यांच्या हाती राहिलेल्या मोजक्या स्वतंत्र करसाधनांत मद्याचे महत्त्व वाढले.

पिण्याचा मद्यार्क व औद्योगिक मद्यार्क यांतील सीमारेषेवरून केंद्र व राज्ये यांत दीर्घकाळ वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८९ मध्ये सिंथेटिक्स अँड केमिकल्स प्रकरणी औद्योगिक मद्यार्क राज्यांच्या अधिकारकक्षेबाहेर असल्याचे ठरविले होते. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय रद्दबातल ठरवून ‘मादक मद्य’ या संज्ञेत औद्योगिक मद्यार्काचाही समावेश होतो, असा निर्णय दिला. औद्योगिक मद्यार्क चोरवाटेने पिण्याच्या मद्यात येतो, हे या वादामागील एक व्यावहारिक कारण होते.

मद्याचा व्यापार करणे हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत सांगितले आहे. म्हणून राज्य मद्यविक्रीस पूर्ण बंदी घालू शकते, तिची मक्तेदारी स्वतःकडे घेऊ शकते किंवा अटींवर अनुज्ञप्ती देऊ शकते. तमिळनाडूत किरकोळ विक्री शासकीय महामंडळामार्फत होते, तर महाराष्ट्रात ती खाजगी अनुज्ञप्तिधारकांकडे आहे.

महाराष्ट्रातील कायदा : मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा महाराष्ट्रातील मूळ कायदा होय, तो आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. या अधिनियमानुसार ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. त्याच्या वैधतेचा प्रश्न एफ्. एन्. बलसारा यांच्या प्रकरणात उपस्थित झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये पिण्याच्या मद्यावरील बंदी वैध ठरविली. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यास व वापरण्यास मनाई करणारा भाग आणि भाषणस्वातंत्र्यास बाधक असलेल्या काही तरतुदी रद्द केल्या.

बंदीच्या काळात आरोग्याच्या कारणास्तव मद्यसेवनाचे परवाने देण्याची सोय होती. दुसरीकडे मुंबईच्या वस्त्यांत व खाडीकाठी हातभट्ट्यांचा धंदा फोफावला. काळा गूळ व नवसागर हे या भट्ट्यांचे नेहमीचे साहित्य होय. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाने बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल केली आणि १९७३ च्या देशी मद्य नियमांनी देशी मद्याची निर्मिती व विक्री अनुज्ञप्तीखाली आणली. हातभट्टीकडे वळणाऱ्या गरीब ग्राहकाला तपासलेले व मोहोरबंद मद्य मिळावे, असा या धोरणाचा एक हेतू होता.

बंदी गेली तरी दारूबंदीचा अधिनियम रद्द झाला नाही. परिणामी महाराष्ट्रात मद्यबंदी हा कायद्याचा नियम व मद्यपान हा परवान्याने मिळणारा अपवाद, अशी रचना आजही आहे. विक्रेत्याकडे अनुज्ञप्ती असावी लागते, त्याचप्रमाणे पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. असा परवाना एक दिवसाचा, वार्षिक किंवा आजीवन असतो. मद्यगृहांच्या पाट्यांवर दिसणारे ‘परमिट रूम’ हे शब्द या रचनेचेच अवशेष होत. विक्रीच्या अनुज्ञप्त्या वर्गवार असतात : ‘एफएल–२’ ही विदेशी मद्याच्या किरकोळ दुकानासाठी, ‘एफएल–३’ परमिट रूमसाठी, ‘सीएल–३’ देशी मद्याच्या किरकोळ विक्रीसाठी व ‘बीआर–२’ बीअरच्या दुकानासाठी असते. तीव्र मद्य घेण्यासाठी वयाची किमान मर्यादा २५ वर्षे व सौम्य बीअर आणि वाइन यांसाठी २१ वर्षे आहे. अवैध मद्यनिर्मात्यांविरुद्ध १९८१ च्या विशेष कायद्याने एक वर्षापर्यंत स्थानबद्धतेचीही तरतूद केलेली आहे. अंमलबजावणी राज्य उत्पादन शुल्क विभाग व पोलीस यांच्याकडे आहे.

मद्याच्या वर्गाला किती महत्त्व आहे, हे अलीकडील काही निर्णयांवरून दिसते. मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये उठविले. मोहफुले व काजूबोंडे यांपासून केलेले मद्य देशी मद्याच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला; पूर्णपणे स्थानिक असलेल्या या मद्यास अधिक प्रतिष्ठा व किंमत मिळावी म्हणून त्यास विदेशी म्हणावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याच्या निर्णयास, शेतमालाला बाजार मिळेल असे समर्थन देण्यात आले असतानाही, तीव्र विरोध झाला.

१० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने शुल्कात मोठी वाढ केली. प्रति बल्क लिटर २६० रु. पर्यंत जाहीर निर्मितिमूल्य असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क त्या मूल्याच्या तिप्पटीवरून साडेचारपट, तर देशी मद्यावरील शुल्क प्रति प्रूफ लिटर १८० रु. वरून २०५ रु. करण्याचे ठरले. त्याच वेळी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित मद्याचा नवा वर्ग निर्माण करण्यात आला. १८० मिलि. बाटलीची किमान किरकोळ किंमत देशी मद्यासाठी ८० रु., नव्या वर्गासाठी १४८ रु., भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रु. व उच्च प्रतीच्या विदेशी मद्यासाठी ३६० रु. अशी ठरविण्यात आली. या सर्व बाटल्यांतील मादक द्रव्य एकच असले, तरी त्यांच्या किमतींत चौपटीहून अधिक अंतर आहे. सर्वांत खालच्या किमतीच्याही खाली हातभट्टीचा बाजार सुरू होतो.

गोव्यातील स्थिती : महाराष्ट्राच्या शेजारीच असलेल्या गोव्यात मद्यविषयक धोरणाची परंपरा वेगळी आहे. पोर्तुगीज राजवटीखाली असल्याने १९४९ चा मुंबईचा कायदा तेथे लागू झाला नाही. मुक्तीनंतर १९६४ चा उत्पादन शुल्क अधिनियम करण्यात आला. त्याचे स्वरूप बंदीचे नसून नियमनाचे आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलेल्या काजूच्या बोंडांपासून तेथे काजूफेणी होते. बोंडे तुडवून काढलेला रस आंबवून भाटीत गाळला असता प्रथम उर्राक हे सौम्य मद्य मिळते व पुन्हा गाळल्यावर फेणी मिळते. माडाच्या सुरेपासून माडाची फेणी करतात. हंगामाच्या आधी काजूच्या बागांच्या क्षेत्रांचे लिलाव (पावणी) शासनामार्फत होतात व भाट्यांना अनुज्ञप्ती दिल्या जातात. काजूफेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. गावातील लहान भट्टी ही एका राज्यात गुन्ह्याची जागा व शेजारच्या राज्यात नोंदणीकृत व्यवसाय ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय.

दारूबंदी व लोकमत : १९६० मध्ये गुजरात वेगळे झाल्यावर तेथे १९४९ चा अधिनियम दारूबंदीसह चालू राहिला, २०२३ च्या अखेरीस गांधीनगरजवळील ‘गिफ्ट सिटी’पुरती त्यात मर्यादित सवलत देण्यात आली. नागालँडमध्ये १९८९ पासून व बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. आंध्र प्रदेश (१९९५–९७) व हरियाणा (१९९६–९८) यांनी बंदी घालून अल्पावधीत मागे घेतली. महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याच्या स्मरणार्थ १९७४ पासून व गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये घातलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली.

संपूर्ण जिल्ह्याऐवजी गावापुरता निर्णय घेण्याचा मार्ग महाराष्ट्रात उपलब्ध आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील वा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते. त्यात एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मते दुकान बंद करण्याच्या बाजूने पडल्यास अनुज्ञप्ती रद्द होते. मतपत्रिकेवरील चिन्हांमुळे ही लढत ‘उभी बाटली’ व ‘आडवी बाटली’ या नावांनी प्रसिद्ध आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आवश्यक असल्याने गैरहजर मतदार दुकानाच्याच बाजूने मोजला जातो. पगार घरी येण्यापूर्वी दुकानात संपतो, हा अनुभव असलेल्या स्त्रियांनी या तरतुदीचा विशेष उपयोग केला आहे.

विषारी मद्य : मद्यविषयक धोरणाची सर्वांत कठोर परीक्षा विषारी दारूच्या दुर्घटनांत होते. मुंबईत विक्रोळी येथे २००४ मध्ये व मालाडच्या मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा दुर्घटना घडल्या. मालवणीत शंभराहून अधिक माणसे मरण पावली. अहमदाबाद येथे २००९ मध्ये, बिहारमधील सारण जिल्ह्यात डिसेंबर २०२२ मध्ये व तमिळनाडूतील कळ्ळकुरिची येथे जून २०२४ मध्ये मोठी जीवितहानी झाली. यांपैकी गुजरात व बिहार येथे दारूबंदी होती, तर महाराष्ट्र व तमिळनाडू येथे परवान्याची दारू उपलब्ध होती. अर्थात या मृत्यूंचे कारण केवळ बंदी किंवा केवळ मोकळीक असे सांगता येत नाही. गुन्हेगाराच्या हाती पडणारा स्वस्त औद्योगिक मेथॅनॉल आणि परवान्याच्या बाटलीची किंमत न परवडणारा वा ती न मिळणारा ग्राहक, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे दुर्घटना संभवते.

मेथॅनॉल (मेथिल अल्कोहॉल) वासाने व चवीने एथेनॉलापासून सहज ओळखता येत नाही. फळे व फुले यांच्या किण्वनात तो अल्प प्रमाणात निर्माण होतो. परंतु सामूहिक मृत्यूंना प्रायः कारखान्यांतून वळविलेला मेथॅनॉल कारणीभूत असतो. शरीरात त्याचे फॉर्माल्डिहाइड व मग फॉर्मिक अम्ल यांत रूपांतर होते. या अम्लाने दृक्‌तंत्रिकेस इजा होऊन अंधत्व येते व रक्तातील अम्लता वाढून मृत्यू ओढवतो. सु. १० मिलि. मेथॅनॉलानेही दृष्टी जाऊ शकते. लक्षणे अनेकदा १२ ते २४ तासांनी दिसतात. या अवधीत रुग्ण ती साध्या नशेची समजतो व तीच दारू इतरही पीत राहतात. धूसर दिसणे, पोटदुखी व धाप ही लक्षणे दिसताच रुग्णास रुग्णालयात नेणे आवश्यक असते. फोमेपिझॉल अथवा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेला एथेनॉल यांनी मेथॅनॉलाचे विघटन रोखता येते व रक्तापोहनाने (डायालिसिसने) विष काढता येते. अवैध दारू प्याल्याचा गुन्हा लागेल या भीतीने रुग्ण व नातेवाईक माहिती लपवितात आणि उपचारास विलंब होतो. मेथॅनॉल हे मद्य नसल्याने त्याच्या साठ्यावर व विक्रीवर विष अधिनियम, १९१९ यांसारख्या निराळ्या कायद्यांन्वये लक्ष ठेवावे लागते. दोन यंत्रणांमधील ही फट अवैध व्यापाराला सोयीची ठरते.

सार्वजनिक सुरक्षा व आरोग्य : मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ अन्वये १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. पेक्षा अधिक अल्कोहॉल असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रु. दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मी. च्या आत मद्यविक्री नसावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. पुढील वर्षी २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मी. करण्यात आले व नगरपालिका क्षेत्रांबाबत शिथिलता देण्यात आली. बाटलीवर आरोग्यास अपाय व वाहन चालविण्यातील धोका यांविषयीचा इशारा छापणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. यकृताचे विकार, अपघात, हिंसा व कर्जबाजारीपणा हे मद्यपानाचे अन्य परिणाम सर्वज्ञात आहेत.

यांपैकी कोणताही परिणाम मद्याच्या कायदेशीर वर्गानुसार बदलत नाही. देशी, विदेशी, वारसा पेय किंवा सौम्य पेय यांतील एथेनॉल यकृतावर सारखीच क्रिया करतो. वर्गानुसार बदलते ती किंमत, विक्रीची जागा व बाटलीतील पदार्थाच्या शुद्धतेची हमी. शुल्क वाढविल्याने मद्यपान काही प्रमाणात घटते, परंतु अवैध भट्टीवर व मेथॅनॉलाच्या वाहतुकीवर तेवढेच कडक नियंत्रण नसल्यास गरीब ग्राहक अधिक धोकादायक पेयाकडे वळतो. बंदीच्या बाबतीतही हेच घडते. म्हणून कोणत्याही मद्यधोरणाचे मूल्यमापन करताना जमा झालेल्या महसुलाबरोबरच सर्वांत स्वस्त दारू कोणती, ती कोण पितो व तिच्या शुद्धतेची तपासणी कोण करतो, या प्रश्नांचाही विचार करावा लागतो.